अक्काचा तिसरा रकाना

अक्का, तुझे तेरा दिवस परवा संपले. पाहुणे आपापल्या गावी गेले, शेजारून मागून आणलेली मोठी पातेली परत केली, आणि ओसरीवर बोरखडीची गयाबाई अजून बसून आहे. ती तुझ्या नवव्या दिवशी आली. तू गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. हैदराबादेत काचीगुड्याला उतरून विचारत विचारत चिक्कडपल्लीपर्यंत आली. माझ्या बायकोनं, इंदिरेनं, दारातच तिला सांगितलं तेव्हा ती तिथंच जोत्यावर बसली. मग म्हणाली, "आता माझा कागद कुणापाशी मागू?"

इंदिरेला ते कठोर वाटलं. मला वाटलं नाही. तिनं अगदी बरोबर प्रश्न विचारला होता, आणि त्याचं उत्तर, म्हणजे मी, इंदिरेच्या मागं उभं होतं.

तेव्हापासून रोज सकाळी ती विचारते, "भाऊसाहेब, आज मिळंल का?" आणि मी टोपी घालून सरकारी दफ्तराला निघून जातो. संध्याकाळी परत आलो की ती विचारत नाही, नुसती बघते. येत्या मंगळवारी अव्वल तालुकदारांपुढे, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्यापुढे, तिचं अपील आहे. ते फेटाळलं गेलं तर तिचं रान गेलं, आणि दोन लेकरं घेऊन तिला दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला उभं राहावं लागेल. आज शुक्रवार, जुम्म्याची सुट्टी, दफ्तर बंद. टोपी घालून जायला जागा नाही, म्हणून वही घेऊन बसलो आहे.

तुला ठाऊक असलेलं पुष्कळ इथं लिहावं लागेल. हे मी वाचनालयातल्या आपल्या मंडळींनाही वाचायला देणार आहे. गेल्या पंधरवड्यात त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी मला येऊन सांगितलं की तुम्ही विधवा बहिणीला फार सांभाळलंत. मी मान हलवत ऐकून घेतलं.

बोरखडी हे तुझं सासर. भावजी गेल्यावर तू आमच्याकडे आलीस, पण दर वर्षी खुरपणीच्या दिवसांत आणि पुन्हा सुगीला मनमाडकडच्या गाडीनं तिकडं जायचीस. मी विचारायचो, "तिथं आता कोण आहे तुझं?" तू म्हणायचीस, "रानं आहेत." रानं तुझी नव्हतीच. ती भाऊबंदांनी केव्हाच घेतली होती. तुला त्यांची नावं हवी होती. गावातल्या प्रत्येक शेताचं, ओढ्याचं, टेकाडाचं नाव, आणि ते का पडलं.

बेगम बाजारातून तू आडव्या लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याच्या वह्या आणायचीस. मी दफ्तरातले चांगले कागद देऊ केले तर म्हणालीस, "त्यात चार रकाने मावत नाहीत." पहिल्या रकान्यात सर्व्हे नंबर, दुसऱ्यात शेताचं नाव, चौथ्यात त्याचा अर्थ आणि तो कुणी सांगितला. तिसरा रकाना तुझा एकटीचा. बायका त्या शेताला काय म्हणतात, ते त्यात असे.

सून नवऱ्याचं, सासऱ्याचं, थोरल्या दिराचं नाव तोंडानं घेत नाही, यात नवं काही नाही. पण गावातली निम्मी शेतं कुणा ना कुणा बापजाद्याच्या नावानं ओळखली जातात. मग त्या घरच्या सुना त्या शेतांना काय म्हणत असतील, हा प्रश्न माझ्या मनात कधी आला नव्हता. तुझ्या मनात आला, कारण तू त्याच गावची सून होतीस. तू वही वाचून दाखवायचीस आणि मी स्वच्छ प्रत करायचो. गोविंदपंतांच्या, म्हणजे भावजींच्या, मळ्याची ओळ आली की तू थांबायचीस. ओळीवर बोट टेकवून म्हणायचीस, "हे तू वाच." भावजींना जाऊन किती वर्षं झाली होती. मी मुद्दाम म्हणायचो, "मला दिसेना गं. तूच सांग."

"वात्रटपणा पुरे. आम्ही त्याला आंघोळीचा मळा म्हणायचो. तिसऱ्यात लिही."

"आंघोळीचा कशानं?"

"मोटेच्या पाण्याखाली आम्ही जावाजावा आंघोळी करायचो. आणखी काय विचारायलास? चौथ्यात लिही आणि पुढं चल."

ही नावं घरच्या लेकींना लागत नाहीत, हे तू सांगितलंस तेव्हा मी लेखणी खाली ठेवली होती. लेक माहेरात आजोबाचं नाव मोकळेपणी घेते. दुसरं नाव लागतं ते बाहेरून आलेल्या सुनेला. लग्न होऊन पहिल्यांदा रानात जाते त्या दिवशी सासू तिला ते सांगते. पुढं तिला सून आली की ती सांगते. घरातल्या पुरुषांच्या कानांवर ते रोज पडतं, पण ते त्याला नाव समजत नाहीत, बायकांची बोलायची पद्धत समजतात.

तुझी विचारायची रीतही मला फार उशिरा कळली. "याचं नाव काय" असं तू कधी विचारत नसायचीस. तसं विचारलं की सरकारी माणूस आल्यासारख्या बायका गप्प होतात. तू त्यांच्या ओळीत बसून तण काढायचीस आणि सहज म्हणायचीस, "उद्या कुठं जायचं गं खुरपायला?" नाव आपसूक यायचं. तेवढं डोक्यात धरून तू संध्याकाळी वहीत उतरवायचीस. हाताला चिखल लावून कुणब्यांच्या बायकांत बसणारी ब्राह्मणाची विधवा, यावर तुझ्या सासरच्यांनी काय काय म्हटलं ते तू मला सांगितलं नाहीस. मला दुसरीकडून कळलं. मी तुला विचारलंही नाही.

एकदाच मी तुझ्याबरोबर आलो होतो. ज्वारीच्या रानात दहाबारा बायका ओळीनं बसल्या होत्या. मी कोट-टोपीत बांधावर उभा. एकीनं डोळे बारीक करून पाहिलं. "अक्का, ह्ये तुमचे भाऊ व्हय? हैदराबादला असंच खुरपत्यात का, टोपी घालून?"

"त्याला खुरपं धरता येत नाही," तू म्हणालीस. "तो लेखणीनं खुरपतो."

त्या हसल्या. मला वाटलं आपणही काही काम करून दाखवावं. जवळच्या तरण्या बाईला मी सरळ विचारलं, "या रानाचं नाव काय, बाई?" तिनं पदर तोंडावर घेतला. ती गयाबाई. शेजारची म्हातारी म्हणाली, "ती कामून सांगंल? तिच्या सासऱ्याचं नाव हाय."

"मग तुम्ही सांगा."

"माझ्या तर धन्याचं हाय."

सगळी ओळ हसून आडवी झाली. शेवटी पलीकडून बैल घेऊन जाणारा गडी ओरडला, "सटवाजीचं रान म्हणत्यात, साहेब." बायकांनी माना खाली घातल्या. मग म्हातारीला माझी दया आली असावी. म्हणाली, "आमी पाळण्याचं रान म्हणतो. त्या लिंबाला माझ्या सासूनं तिच्या लेकरांची झोळी बांधली, मग म्या बांधली, आता ही बांधती." त्या वेळीही लिंबाला लुगड्याची झोळी लोंबत होती आणि तिच्यात गयाबाईचं पोर झोपलं होतं.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, अक्का. कानांनी ऐकलं आहे. मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय माझ्याजवळ नाही.

आपलं भांडण अर्थांवरूनही व्हायचं. मला प्रत्येक नावात मोठं काही तरी हवं असायचं. बोरखडीच्या ओढ्याजवळच्या राणीच्या धोंड्यावर मी चार पानं लिहिली होती. कोणती राणी असेल, कुठून कुठं चालली असेल. वाचनालयात ती पानं वाचून दाखवली तेव्हा लोकांनी माना डोलावल्या. तू पुढच्या खेपेला जाऊन आलीस आणि ताटावर बसता बसता म्हणालीस, "तुझी राणी म्हणजे पाटलाच्या पणजोबाची म्हैस रे. धोंड्यावरून घसरून मेली. तीन म्हाताऱ्यांनी वेगवेगळं सांगितलं, तिघींचीही म्हैसच." इंदिरेच्या हातातली पळी हसण्यानं पडली. मी रागानं अर्ध्या जेवणावरून उठलो. ती चार पानं मी फाडली नाहीत, हे तुला सांगायचं राहिलं.

दुसरं भांडण मिटलंच नाही. मी म्हणायचो, नाव ते जे सगळे म्हणतात. चार सुना आपसांत जे बोलतात ते नाव नव्हे, ती अडचण आहे, त्यांनी काढलेली पळवाट. तू म्हणायचीस, "त्या रानात पेरणीपासून मळणीपर्यंत दिवसभर असतं कोण? आणि मालक तिथं येतो किती वेळा?" मी म्हणायचो, प्रश्न मेहनतीचा नाही, नावाचा आहे. तू हात झटकून उठायचीस. आता हे भांडण मी एकट्यानं दोन्ही बाजूंनी भांडतो आहे आणि दोन्हीकडून हरतो आहे.

आमच्या दफ्तरात त्या तालुक्यातल्या गावांची यादी करायचं काम निघालं, शेतांच्या नावांसकट आणि उर्दूत. मराठीचा तर्जुमा करणारा मी, म्हणून बोरखडी माझ्याकडे आली. तुझ्या वह्या तयारच होत्या. मी चारही रकाने उर्दूत उतरवले आणि साहेबांपुढे ठेवले. तुझ्या कामाचा मला अभिमान वाटत होता, हे खरं आहे. निदान पहिली पाच मिनिटं तरी.

साहेबांनी पानं चाळली. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "पंतजी, एक खेत के दो दो नामां कायकू? खेत है कि शायर है, जो तखल्लुस रख लिया?" शायर मंडळी आपल्या खऱ्या नावाऐवजी एक घेतलेलं नाव लावतात, त्यावरून हा विनोद. आसपासचे कारकून हसले. एकानं विचारलं, "ये जनाना नामां कौन जमा किया, पंतजी? तुम?" पुन्हा हसले. साहेब उठता उठता म्हणाले, "बाकी तुम देख लेव," आणि चहाला गेले.

एवढंच झालं.

मी मान खाली घालून बसलो होतो. बायकांच्या गोष्टी दफ्तरात आणणारा माणूस म्हणून आता आपण ओळखले जाऊ, ही भीती मला वाटली. तुझं नाव मी घेतलं नाही. माझी बहीण नऊ वर्षं हे करते आहे, असं म्हटलं असतं तर ते कारकून गप्प झाले असते, काहींनी कदाचित वही पाहायला मागितली असती. मी दोन दिवस बसून नवी प्रत केली, तीन रकान्यांची. नंबर, नाव, अर्थ. पाळण्याचं रान गेलं, आंघोळीचा मळा गेला, तिसऱ्यातली सगळी नावं गेली. जुनी प्रत मी चुलीत घातली. साहेबांनी नव्या प्रतीची तारीफ केली. फार साफ काम आहे म्हणाले. त्याच वर्षी मला वरची जागा मिळाली, आणि तू पेढे वाटलेस.

तुला मी सांगितलं, साहेबांचा हुकूम झाला, तो रकाना काढावा लागला.

साहेबांनी हुकूम दिला नव्हता, अक्का. तोंडी नाही, लेखी नाही. ते हसले आणि चहाला गेले. रकाना मी काढला.

तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी म्हणालीस, "तुझा काय दोष. साहेबापुढं तू तरी काय करणार." आणि माझ्यासाठी धपाटे केलेस. मी चार खाल्ले. तेव्हाच सांगायला हवं होतं. ती चव नंतर कितीतरी दिवस मला आठवत राहिली आणि प्रत्येक वेळी मी दुसऱ्या कशाचा तरी विचार करू लागलो.

मग गयाबाईचा नवरा गेला. तिच्या सासूनं, त्या म्हातारीनं, पंचांसमोर वाटणी केली. ओढ्यापलीकडचं रान थोरल्या मुलाला, पाळण्याचं रान धाकट्या सुनेला. लिहिणाऱ्यानं तिच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे लिहिले आणि तिचा अंगठा घेतला. म्हातारीनं आयुष्यात सटवाजीचं नाव घेतलं नव्हतं, तेव्हा तरी कसं घेणार. कागदावर पाळण्याचं रान एवढंच आलं. गावात कुणाला शंका नव्हती. म्हातारी होती तोवर थोरला दीर गप्प होता. ती गेली, पंचांतले दोघे गेले, आणि त्यानं गयाबाईच्या रानात आपली तिफण घालून पेरा केला.

तहसिलीत तो काय म्हणाला ते तूच मला सांगितलंस, तू तिथं होतीस. "पाळण्याचं रान आमच्या शिवारात नाहीच. तिच्या सासूनं सपनात दिलं असंल." लोक हसले. हाकिमांनी दफ्तराची यादी मागवली. यादीत तसं नाव नव्हतं. बायका साक्षीला यायला तयार होत्या, पण हाकीम म्हणाले, सरकारी यादी समोर असताना तोंडी साक्ष कशाला. तू तुझी लाल वही पुढं केलीस. दिराचा वकील म्हणाला, ही वही बाईंनी काल रात्री लिहिली नाही कशावरून? गयाबाई हरली.

तू त्या दिवसापासून एकाच गोष्टीच्या मागे लागलीस. "त्या हुकमाची नक्कल आण." तुझं म्हणणं सरळ होतं. रकाना काढून टाका असा हुकूम झाला असेल तर रकाना होता, हे त्या हुकमानंच सिद्ध होतं. खटला उभा राहण्याआधी, दफ्तरात, साहेबांच्या टेबलावर होता. वकिलाचं तोंड बंद. तू किती बरोबर होतीस. आणि मी जो हुकूम कधी झालाच नव्हता त्याची नक्कल कुठून आणणार होतो?

मी म्हणालो, मिसल शोधतो. म्हणजे ती जुनी कागदपत्रांची बासनं. मग म्हणालो, मिसल सापडत नाही. मग साहेब दौऱ्यावर आहेत. तू म्हणालीस, "मी येते तुझ्याबरोबर. मी विचारते त्यांना." मी म्हणालो, दफ्तरात बायका येत नाहीत. "मग त्यांच्या घरी जाते. बरकतपुरा काय लांब आहे?" तेव्हा मी तुझ्यावर ओरडलो. माझी नोकरी घालवायची आहे का, असं म्हणालो. इंदिरा स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. तू वही उचलून आत गेलीस.

त्यानंतर आठेक दिवसांनी, दुपारी, तू ओसरीवर सुपारी कातरत होतीस. मी समोरून जात होतो. वर न बघता म्हणालीस, "नसेल हुकूम तर तसं सांग. दुसरं काही तरी करू."

मी थांबलो. आठवतं आहे मला, एक पाय उंबऱ्यात होता. "असं कसं नसेल," मी म्हणालो. "आहे. सापडेल." तू सुपारी कातरत राहिलीस.

तुला कळलं होतं का? हे मी आता कुणाला विचारू? कळलं असेल तर तू मला वाट करून देत होतीस, आणि मी ती घेतली नाही. कळलं नसेल तर तू माझ्यावर विश्वास ठेवून गेलीस. यातलं कोणतं बरं, ते मला ठरवता येत नाही. कधी पहिलं वाटतं, कधी दुसरं, आणि दोन्ही वेळा उठून अंगणात फेऱ्या मारतो. ताप चढला तेव्हा तू तीनचारदा विचारलंस, सापडलं का. मी म्हणालो, उद्या. वैद्य म्हणाले, बोलू देऊ नका.

इथवर लिहून मी उठलो आणि बरकतपुऱ्याला गेलो.

ठरवून गेलो असं नाही. वाटेत दोनदा परत फिरलो. साहेब बागेत खुर्ची टाकून बसले होते. तुझ्या जाण्याबद्दल त्यांनी नीट, आदरानं विचारलं, आणि त्यानं मला जास्तच अवघड झालं. मी सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"मेरेकू तो याद भी नहीं, पंतजी. निकालो बोल के मैं बोला था?"

"नहीं साहब. आप हँसे थे."

"हँसा था. बस?"

"बस."

वाईट माणूस नाही तो. म्हणाले, लिहून द्या की नक्कल करताना कलमाची चूक झाली, मी सही करतो, कुणाला त्रास नको. क्षणभर मला इतकं हलकं वाटलं की मी हो म्हणणारच होतो. मग लक्षात आलं. चुकीनं एखादी ओळ सुटते, दोन नावं सुटतात. अख्खा रकाना चुकून सुटत नाही. वकील पहिल्याच प्रश्नात म्हणेल, रकाना मुळात नव्हताच, बहिणीसाठी भाऊ आता चूक मान्य करतो आहे. गयाबाईच्या उपयोगाचा कागद एकच. त्यात लिहायला हवं की रकाना होता, पूर्ण भरलेला होता, मी तो पाहून-समजून काढला, कुणाच्याही हुकमाशिवाय काढला, आणि जुनी प्रत मी जाळली.

मी तसं म्हणालो. साहेबांनी चष्मा काढला. "फिर तो मेरेकू तुम से जवाब तलब करना पड़ेगा. जगह जाती तुम्हारी. शायद नौकरी बी."

"जी."

"घर में पूछे?"

इंदिरेला मी विचारलं नव्हतं. तसं सांगितलं. त्यांनी कागद-दौत मागवली आणि खुर्चीवरून उठून मला बसायला जागा दिली. मी उर्दूत दीड पान लिहिलं. तुझं नाव त्यात तीनदा आलं आहे, पूर्ण, भावजींच्या नावासकट. आमच्या दफ्तराच्या कुठल्याही कागदावर ते यापूर्वी आलेलं नाही. साहेबांनी खाली शेरा मारला की कबुली माझ्यासमोर दिली, आणि शिक्का सकाळी दफ्तर उघडल्यावर मिळेल म्हणाले. जाताना म्हणाले, त्या वह्या मला एकदा दाखवा. मी हो म्हणालो. मग वाटेत वाटलं, नाही दाखवणार. मग वाटलं, हेही तूच ठरवायला हवं होतंस.

घरी आल्यावर आधी इंदिरेला सांगितलं. ती बराच वेळ पदराला गाठ मारत आणि सोडत होती. "वन्सं असताना सांगितलं असतं तर त्यांनी तुमचे कान उपटले असते," ती म्हणाली, "आणि संध्याकाळपर्यंत विसरल्याही असत्या." मग आत जाऊन पातेलं आपटलं. नोकरीबद्दल ती अजून बोललेली नाही. बोलेल.

गयाबाई ओसरीवर होती. तिला सांगणं मला साहेबांना सांगण्याहून जड गेलं. साहेबांना मी उर्दूत सांगितलं होतं. परक्या भाषेत आपला गुन्हा जरा लांबचा वाटतो. तिला मराठीत सांगावं लागलं, आणि तिच्या त्या रानाचं नाव घेऊन. मी ते पाळण्याचं रान असंच घेतलं. ती ऐकत होती. रडली नाही, चिडली नाही.

"म्हंजी हुकूम नव्हताच."

"नव्हता."

"अक्का मला सांगायच्या, माझा भाऊ आणंल. पावसाळा गेला, दिवाळी गेली. आणंल म्हणायच्या."

मी अजून डोक्यावर असलेली टोपी काढली.

"आन् त्यो माझा दीर तिथं हसत हुता." मग तिनं विचारलं, "ह्ये कागदात लिवलंय का, तुमी आत्ता बोलला ते?"

"सगळं."

"कागदाला कोन इचारतंय, भाऊसाहेब. कागद तर माझ्या सासूनंबी केला हुता. तुमीच चला. तिथं उभं ऱ्हाऊन बोला, त्याच्या तोंडावर, समद्यांसमोर."

मी येतो म्हणालो. येणारच होतो, पण तिनं मागेपर्यंत मी ते म्हणालो नव्हतो, हेही खरं. उद्या सकाळी शिक्का घ्यायचा, रविवारची गाडी, सोमवारी तुझ्या वह्या घेऊन वकिलाकडे. त्यातल्या शेवटच्या वहीत अकरा शेतांपुढे तिसरा रकाना कोरा आहे, तू पुढच्या खेपेला भरणार होतीस. मला ते जमणार नाही. मी खुरपायला बसलो तरी बायका माझ्यासमोर बोलायच्या नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

अक्का, मला भीती वाटते आहे. त्या दिराची नाही, नोकरीची थोडी, जास्त माझीच. ऐन वेळी मी तिथं काय बोलेन याची मला खात्री नाही. गयाबाईलाही नाही. तिनं गाठोडं बांधून ठेवलं आहे. मघाशी मी तिला म्हणालो, गाडीत तुला बायकांच्या डब्यात बसवून देतो, गर्दी कमी असते. तिनं मान हलवली.

"नगं. म्या तुमच्या म्होरं बसते. मधीच उतरलात तर मला दिसंल."

मी तिच्या समोर बसणार आहे.